टोकियोत पहिल्या वर्षी अवघड वाटतं, ते दहाव्या वर्षी कुठे जातं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही पुण्यात आयटीत आहात, टोकियोतल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे, सोबत पत्नी आणि नुकती तीन वर्षांची झालेली मुलगी येणार आहे. जायचं ते तीन वर्षांसाठी, असं घरात ठरलंय. एका मित्राने सांगितलं की पहिलं वर्ष कसंबसं रेटलं की पुढे सगळं सुरळीत होतं. दुसरा म्हणाला, पंधरा वर्षं झाली तरी परकेपण जात नाही. यातलं खरं काय, वर्षागणिक रोजचं जगणं कसं बदलत जातं, आणि निघताना सामानात काय घ्यायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी २००२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. पुण्यात जपानी शिकले होते, जपानी भाषा परीक्षेच्या तेव्हाच्या तिसऱ्या पातळीपर्यंत. गेली सोळा वर्षं मी दुभाषी म्हणून काम करते: वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर, शाळांत, दवाखान्यांत, कधी घरमालकाशी बोलणी करताना. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं एदोगावा आणि कोतो या दोन वॉर्डांतली, पगारदार, तुमच्यासारखीच. आचारी म्हणून, विद्यार्थी म्हणून किंवा लहान गावातल्या कारखान्यात कामाला आलेल्या माणसाचा अनुभव फार वेगळा असतो, त्यामुळे मी सांगते ते सगळ्या जपानला लावू नका. शिवाय बरंच काही तीन गोष्टींवर ठरतं: ऑफिसात इंग्रजी चालतं की जपानी, तुमची पत्नी दिवसभर काय करणार, आणि मुलीचं वय.

तुमचे दोन्ही मित्र खरं बोलताहेत. पहिला सांगतोय ती कागदपत्रांची, भाजीपाल्याची, ट्रेनची अडचण, आणि ती सरते. पण मी इतक्या वर्षांत पाहिलंय ते असं की ऑफिसच्या खिडकीवरची अडचण तिथून उठते आणि घरात येऊन बसते. खिडकीवरची अडचण दिसते, तिच्यासाठी फॉर्म असतो, माझ्यासारखं माणूस असतं. घरातली अडचण हळूहळू येते आणि तिच्याकडे लक्ष जाईपर्यंत चार-पाच वर्षं झालेली असतात.

पहिल्या वर्षाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण ते तुम्हाला सगळेच सांगतील. घर शोधताना 'परदेशी नको' हे ऐकावं लागेल. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. घर मिळालं तरी मालकाला 'रेइकिन' म्हणून परत न मिळणारे पैसे आणि वर हमीदार, हे आहेच. म्हणूनच एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाइच्या आसपासची भारतीय कुटुंबं यूआर या सरकारी संस्थेच्या मोठ्या वसाहतींत राहतात: तिथे रेइकिन नाही, हमीदार नाही, दर दोन वर्षांनी करार नवा करायचे पैसे नाहीत. डिपॉझिट भरायचं आणि उत्पन्न पुरेसं आहे हे दाखवायचं. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागण्याआधी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याच्या कामासाठी इंजिनिअर मुलं यायला लागली तेव्हा तिथे आधीपासून राहणाऱ्या जगमोहन चंद्राणी या व्यापाऱ्यांनी त्यांच्या घराची आणि जेवणाची खटपट केली, तेव्हापासून हा भाग भारतीयांचा म्हणून ओळखला जायला लागला. आज तिथे तुरीची डाळ, हिंग, कढीपत्ता, इडलीचा रवा सगळं मिळतं. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही. सुकवलेल्या माशाचं पाणी, म्हणजे 'दाशी', सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये सगळीकडे असतं.

कचऱ्याचं सांगते, कारण माझी पहिली भीती तीच होती. जळणारा, न जळणारा आणि पुनर्वापराचा, प्रत्येकाचा वार वेगळा. माझी पहिली पिशवी गाडीवाल्यांनी स्टिकर लावून तिथेच ठेवली होती. येणारे-जाणारे बघत होते. स्टिकरवर काय लिहिलंय ते शब्दकोश घेऊन वाचायला मला वीस मिनिटं लागली. 'आज बाटल्या आणि डबे', एवढंच होतं ते. पण त्या वीस मिनिटांत मला इतकं अपमानित वाटलं की पुढचे दोन आठवडे मी कचरा टाकायला सकाळी साडेपाचला, कुणी नसताना जात होते. आता हे आठवलं की वाटतं, तेव्हा शेजारणीला विचारलं असतं तर दोन मिनिटांत सुटलं असतं. तुम्ही विचारा. इथली माणसं स्वतःहून सांगायला संकोचतात, पण विचारलं की हातातलं काम टाकून दाखवतात.

एक गोष्ट मात्र येण्याआधी कुणी सांगत नाही आणि दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये ती हमखास अंगावर येते. इथला रहिवासी कर, 'जूमिनझेइ', आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, करपात्र रकमेच्या साधारण दहा टक्के. १ जानेवारीला तुम्ही ज्या वॉर्डात राहत असता, तो वॉर्ड हा कर घेतो आणि जूनपासून तो पगारातून कापायला सुरुवात होते. पहिल्या वर्षी आदल्या वर्षीचं इथलं उत्पन्नच नसतं, त्यामुळे पगार भरघोस वाटतो आणि माणसं त्यावर घरभाडं ठरवतात. मग जूनमध्ये पगाराची स्लिप घेऊन माझ्याकडे येतात, कंपनीने चूक केली असं वाटून. चूक नसते. पहिल्या वर्षीचा पगार आहे त्यापेक्षा कमी आहे असं धरूनच खर्च बसवा. आणि परत जातानाही हा कर मागे राहतो, तो भरण्याची सोय करूनच निघावं लागतं.

वर्षं जातात तशी व्यवस्थाही बदलते, हेही ध्यानात घ्या. मी आले तेव्हा वॉर्ड ऑफिस 'परदेशी नोंदणी कार्ड' द्यायचं आणि देश सोडून परत यायचं असेल तर आधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढावा लागायचा. २००५ मध्ये सासरे अचानक गेले. फोन आला शुक्रवारी रात्री. नवऱ्याच्या पासपोर्टवरचा परवाना संपल्याचं आमच्या लक्षातच नव्हतं. तो सोमवारी सकाळी परवान्यासाठी रांगेत उभा राहिला आणि सांगलीला पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. जुलै २०१२ मध्ये कायदा बदलला. नवं निवास कार्ड आलं, एक वर्षाच्या आत परत येणार असाल तर वेगळा परवाना लागेनासा झाला, एका वेळी मिळणाऱ्या निवासाची कमाल मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, आणि आमची नावं पहिल्यांदा जपानी माणसांच्या बरोबरीने वॉर्डाच्या रहिवासी नोंदवहीत आली. याच्या उलटंही घडतं. एप्रिल २०२० पासून काही महिने, बाहेर गेलेल्या परदेशी रहिवाशांना, कायम निवासाचा परवाना असला तरी, बहुतेकांना परत येता येत नव्हतं. माझ्याकडे येणारी एक मुलगी बाळंतपणाला नाशिकला गेली होती. बाळ सात महिन्यांचं झाल्यावर वडिलांनी ते पहिल्यांदा हातात घेतलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते: पाच वर्षांपूर्वी इथून गेलेल्याचा सल्ला ऐका, पण नियम आजचा बघा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. घराबाहेरची घडी साधारण दीड-दोन वर्षांत बसते. तुम्ही ऑफिसात रुळता. कार्ड आहे, बँक आहे, विमा आहे, दवाखान्यात खर्चाचा तीस टक्केच भाग आपण भरतो, आणि टोकियोच्या २३ वॉर्डांत तर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या उपचाराचा खर्च एप्रिल २०२३ पासून वॉर्डच उचलतो. नेमक्या याच वेळी घरातल्या दोन माणसांचे रस्ते वेगळे व्हायला लागतात. तुमच्या ऑफिसात इंग्रजी चालत असेल तर तुम्हाला जपानी न शिकताही दहा वर्षं निभावता येतं. तुमच्या पत्नीला येत नाही. भाजीवाला, डॉक्टर, बालवाडीची बाई, बागेत भेटणाऱ्या आया, दारावर येणारा गॅसमीटरवाला, सगळं जपानी तिच्या वाट्याला येतं.

माझं ठाम मत आहे, आणि याबाबत मी भेटेल त्या नवऱ्याशी बोलते: घरात जपानी आधी कुणी शिकायचं याचं उत्तर 'जो घरी राहणार आहे त्याने' असं आहे. बहुतेक कुटुंबं उलटं करतात. नवरा कंपनीच्या खर्चाने वर्गाला जातो, तिथे शिकलेलं ऑफिसात वापरत नाही, आणि बायको 'मुलगी जरा मोठी झाली की बघू' म्हणत थांबते. तीन वर्षांनी नवऱ्याची पातळी तीच असते आणि बायको निशिकासाइच्या चार मैत्रिणींपलीकडे कुणाशी बोललेली नसते. पहिल्या सहा महिन्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी तुम्ही मुलीला सांभाळा आणि पत्नीला वर्गाला पाठवा. वॉर्डात स्वयंसेवकांचे वर्ग चालतात, फी नावापुरती असते. आणि मराठी माणसाला जपानी वाटतं तितकं लांबचं नाही. 'मी शाळेत जाते' हे वाक्य जपानीत 'वाताशी वा गाक्को नी इकिमासु' असं होतं: मी, शाळा, मग 'त', मग जाते. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दानंतर. इंग्रजी बोलणाऱ्याला वाक्य उलटं करावं लागतं, आपल्याला नाही. पुण्यात जपानी शिकवणारे चांगले वर्ग कितीतरी आहेत. ऑफर हातात आहे आणि निघायला तीन महिने असतील तर ते तीन महिने हिरागाना-काताकाना या दोन लिप्यांना पुरेसे आहेत. कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, नंतर बघता येतात.

तिच्या कामाचंही बघा. 'कुटुंब' म्हणून मिळालेल्या व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येतं. तुमचा व्हिसा गुणांच्या पद्धतीचा, म्हणजे उच्चकुशल व्यावसायिकाचा असेल, तर जोडीदाराला पूर्णवेळ कामाची वाट बरीच सोपी होते. शिक्षण, पगार, वय, भाषा यांचे गुण धरतात आणि ७० झाले की पात्र. कंपनी कुठल्या व्हिसासाठी अर्ज करतेय ते सही करण्याआधी विचारा. भारतात दहा वर्षं नोकरी केलेली बाई इथे तीन वर्षं घरी बसली की तिचं काय होतं ते मी फार जवळून पाहिलंय. ती कुणाला दोष देत नाही. फक्त एक दिवस डॉक्टरकडे मी दुभाषी म्हणून सोबत असते, आणि डॉक्टर विचारतात 'झोप लागते का', तेव्हा ती माझ्याकडे बघते आणि रडायला लागते. हे एकदा नाही, पुष्कळदा झालंय.

आता मुलीबद्दल. तुम्ही प्रश्नात तिचं वय सहज लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं आहे. जपानी शाळेत पहिली इयत्ता सहा वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणजे तुमची 'तीन वर्षं' संपतात आणि तिची पहिली सुरू होते ते साधारण एकाच सुमाराला. त्या वेळी तुम्ही नक्की कामात बुडालेले असाल, बढती तोंडावर असेल, आणि 'अजून एक वर्ष राहू, मग बघू' असं म्हणाल. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत मुक्काम असाच वाढला. राहायचं असं कुणी ठरवलं नाही, जायचं ठरवायचं राहून गेलं.

रस्ते दोन आहेत. एक, सीबीएसईच्या भारतीय शाळा: कोतो वॉर्डात २००४ मध्ये पहिली सुरू झाली, एदोगावात दुसरी २००६ मध्ये. फी भरावी लागते, पण परतीचा दरवाजा उघडा राहतो. दुसरा, घराजवळची सरकारी जपानी शाळा: शिकवणीची फी नाही, मैत्रिणी गल्लीतल्याच, आणि भाषा आपोआप. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही, पण मागितला की प्रवेश मिळतो. दोन्ही रस्त्यांनी गेलेली मुलं छान मोठी झालेली मी पाहिली आहेत. त्रास झाला तो मधेच उडी मारलेल्यांना. प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात. चौथीत भारतीय शाळेतून जपानी शाळेत आलेल्या मुलाला त्यातल्या निम्म्या एकदम भरून काढाव्या लागतात, आणि जपानी शाळेतून सहावीत पुण्याला परत नेलेल्या मुलाला इंग्रजी निबंध आणि हिंदीचा पेपर एकाच वेळी समोर येतो. म्हणून ती पाच वर्षांची होईल त्या ऑक्टोबरात, म्हणजे तुमच्या येण्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, दोघांनी बसून 'आपण पुढची बारा वर्षं कुठे?' हे ठरवा. पूर्ण खात्री नसली तरी ठरवा.

जपानी शाळा घेतलीत तर काय होऊ शकतं ते एका प्रसंगाने सांगते. दुसरीतला मुलगा, आई-वडील मराठी, आईला जपानी येत नव्हतं. शाळेच्या भेटीला वर्षभर तोच दुभाषी होता. बाई म्हणाल्या, 'गेल्या महिन्यात पाच वेळा गृहपाठ आणला नाही.' मुलाने आईला सांगितलं, 'गृहपाठ छान असतो म्हणताहेत.' आई आनंदाने हसली आणि वाकून नमस्कार केला. त्या हसण्यावरून बाईंना शंका आली आणि त्यांनी वॉर्डाकडे दुभाषी मागितला. पुढच्या भेटीला मी गेले. मुलगा दाराबाहेर बाकावर बसला होता, पाय जमिनीला टेकत नव्हते, पाठीवरचं चामड्याचं दप्तर तसंच होतं. आत सगळं बोलून झाल्यावर आईने मला मराठीत हळूच विचारलं, 'तो घरी माझ्याशी बोलतो ते सगळं तरी खरं असतं का हो?' आठ वर्षांच्या मुलाकडे घराचा कारभार गेला होता, आणि तो कुणी दिलेला नव्हता. ती बाई त्याच आठवड्यात वर्गाला जायला लागली. दीड वर्षाने तिने मला फोन करून सांगितलं, उद्याच्या भेटीला तुम्ही नाही आलात तरी चालेल.

मराठी टिकवायची असेल तर घरात नियम आत्तापासून हवा. मुलं शाळेत जायला लागली की भावंडं आपसात जपानीत बोलतात, मग आई मराठीत विचारते आणि उत्तर जपानीत येतं, मग आईच कंटाळते. ज्या घरांत मराठी टिकली तिथे आजी-आजोबांशी रोजचा ठरलेला फोन होता, हे मी निरखून पाहिलंय. वेळेचं गणित असं आहे: इथे आपण साडेतीन तास पुढे. आईच्या दिवेलागणीला, सात वाजता, इथे रात्रीचे साडेदहा असतात आणि मूल झोपलेलं असतं. पण इथे रात्री आठ म्हणजे तिकडे दुपारचे साडेचार, चहाची वेळ. आजी चहा पिता पिता गोष्ट सांगते आणि नात अंथरुणात ऐकते. आमच्या मुलीने चिमणी-कावळ्यापासून शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेपर्यंत सगळं असंच ऐकलं.

इथपर्यंतचं सगळं साधारण पाच-सात वर्षांतलं. त्यापुढे विषय बदलतात. कायम निवासाचा परवाना एरवी दहा वर्षांनी मागता येतो. गुणांच्या पद्धतीत ७० गुणांना तीन वर्षांत आणि ८० गुणांना एका वर्षात. पण वर्षं भरली म्हणून मिळतो असं नाही. कर, पेन्शन आणि आरोग्य विमा हे सगळं मुदतीत भरलेलं लागतं. एका गृहस्थांनी नोकरी बदलताना मधे दोन महिने घेतले, त्या दोन महिन्यांचं राष्ट्रीय पेन्शन स्वतः जाऊन भरायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि अर्ज नामंजूर झाला. नंतर भरलेले पैसे 'भरले' म्हणून धरतात, 'वेळेवर भरले' म्हणून नाही. परवाना मिळाल्यावरही हे सैल सोडता येत नाही: कर किंवा विम्याचे पैसे जाणूनबुजून थकवल्यास परवाना काढून घेण्याची तरतूद २०२४ मध्ये कायद्यात आली आहे. पेन्शनसाठी किमान काळ ऑगस्ट २०१७ पासून पंचवीसऐवजी दहा वर्षं झालाय. दहाच्या आत परत गेलात तर निघाल्यापासून दोन वर्षांत अर्ज करून भरलेल्यातला काही भाग परत मिळतो, पण हिशेब जास्तीत जास्त पाच वर्षांचाच धरतात. ते पैसे घेतले की तो काळ पुसला जातो, भारत-जपान सामाजिक सुरक्षा कराराखाली पुढे जोडून घेता येत नाही. त्यामुळे आठ-नऊ वर्षांवर परत निघालेल्यांना मी आधी थांबून हिशेब करायला सांगते.

करही हळूच बदलतो. मागच्या दहा वर्षांत पाचपेक्षा जास्त वर्षं इथे राहिलात की भारतातल्या फ्लॅटचं भाडंसुद्धा इथल्या विवरणात दाखवावं लागतं. आणि कामाच्या व्हिसावर असताना मागच्या पंधरा वर्षांत दहापेक्षा जास्त वर्षं झाली किंवा कायम निवास घेतला, की भारतात वडिलांकडून मिळालेल्या भारतातल्याच घरावर जपानचा वारसाकर लागू होऊ शकतो. भारतात असा कर १९८५ पासून नाही, म्हणून आपल्या मनातच येत नाही. ३ कोटी येन आणि वर प्रत्येक कायदेशीर वारसामागे ६० लाख येन इतकी मूळ सूट आहे, त्यामुळे बहुतेक घरं त्यात बसतात. पण कोथरूडमधला बंगला किंवा दोन फ्लॅट असतील तर कायम निवासाचा अर्ज करण्याआधी इथल्या कर सल्लागाराकडे एकदा जाऊन या.

पैशांपेक्षा आई-वडिलांचा प्रश्न मोठा. त्यांना कायमचं इथे आणायला सरळ व्हिसा नाही. भेटीला ९० दिवसांपर्यंत येता येतं. उच्चकुशल व्हिसावर आई-वडिलांना आणता येतं, पण मूल सात वर्षांखालचं आणि घराचं वार्षिक उत्पन्न ८० लाख येनांच्या वर असेल तर, म्हणजे नातवंडं सांभाळण्यापुरतं. म्हातारपणासाठी नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी, आपण चाळिशी ओलांडतो आणि ते पंचाहत्तरी, तेव्हा रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. तुम्ही एकुलते एक असाल तर याचा विचार त्या ऑक्टोबरातल्या बैठकीत करा. आमच्याकडे नणंद सांगलीत होती म्हणून आम्ही राहू शकलो. हे मी तिला दरवर्षी सांगते.

राहिलं परकेपण. तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं मी खोडत नाही. बावीस वर्षांनंतरही दुकानात दोन वाक्यं बोलले की 'निहोंगो ओजोझु देसु ने', तुमचं जपानी छान आहे हो, असं ऐकू येतं. ट्रेनमध्ये शेजारची जागा कधीकधी रिकामी राहते. कायम निवास घेतला तरी मतदान करता येत नाही, वॉर्डाच्या निवडणुकीतसुद्धा नाही. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा आम्हाला सगळ्यांना अतिशय आनंद झाला होता. पण त्यासाठी त्यांनी आधी जपानी नागरिकत्व घेतलेलं होतं, आणि ते घ्यायचं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. अनोळखी माणसाच्या नजरेतलं अंतर वर्षांनी कमी होत नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगेन.

ओळखीच्या माणसांचं मात्र बदलतं, आणि ते मला रोज जाणवतं. आमच्या गल्लीत 'काइरानबान' फिरतं. एक जुनी फाइलीसारखी पाटी असते, तिच्यात मोहल्ला समितीच्या सूचना, सफाईचा दिवस, भूकंपाच्या सरावाची वेळ. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या दारी नेऊन द्यायचं. पहिली कित्येक वर्षं ते आमचं दार वगळून जायचं, वाईट हेतूने नाही, त्रास नको म्हणून. मार्च २०११ च्या भूकंपानंतर बरेच परदेशी लोक देश सोडून गेले. आम्ही राहिलो, कारण मुलीला ताप होता. त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, बॅटरी आणि दोन बाटल्या पाणी दिलं, आणि विचारलं, तुम्ही राहणार आहात का? मी हो म्हटलं. एप्रिलमध्ये काइरानबान आमच्या दाराला अडकवलेलं होतं. यादीत आमचं आडनाव, कुलकर्णी, काताकानात कुणीतरी हाताने लिहिलं होतं, एकदा खोडून पुन्हा. आता आमचा क्रमांक आजींच्या आधी येतो, आणि त्यांना जिने चढवत नाहीत म्हणून मी ते वर नेऊन देते.

शेवटी सामानाचं. मसाले, कुकर, डाळी यांत वजन घालवू नका, सगळं इथे मिळतं. विवाह दाखला आणि मुलीचा जन्मदाखला मूळ प्रती आणि इंग्रजी भाषांतरासह हाताच्या बॅगेत ठेवा. गणपतीची छोटी मूर्ती आणायची असेल तर शाडूची आणा. इथल्या नदीत विसर्जन करता येत नाही, आम्ही घरीच बादलीत करतो आणि ते पाणी कुंड्यांना घालतो. सगळ्यात महत्त्वाचं मुलीचं लसीकरणाचं कार्ड. इथे आल्यावर आरोग्य केंद्र ते तपासून कुठल्या लसी राहिल्यात ते सांगतं, जपानी मेंदूज्वराची लस इथे साधारणपणे तीन वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होते. आपल्याकडच्या कार्डावर तारखा घाईत खरडलेल्या असतात आणि लसीऐवजी कंपनीचं नाव असतं, ते इथल्या नर्सला वाचता येत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत टाइप करून, सही-शिक्क्यानिशी एक पानाचं पत्र घ्या. निघण्याच्या आठवड्यात नाही, आत्ताच घ्या. डॉक्टर सुट्टीवर असतात किंवा जुनं रजिस्टर सापडत नाही, आणि इथून फोनवर ते करून घ्यायला लोकांचे दोन-दोन महिने गेलेले मी पाहिले आहेत.